साहाय्याचा अन्वय

१

जबलपूर शहरातून वाहणाऱ्या ओमती नाल्याला नर्मदेच्या सान्निध्यात काही महत्त्व मिळण्याची शक्यता नव्हती. तरीही शहराच्या घडणीत त्याने एका सीमारेषेचे काम केले आहे. इंग्रजी अमदानीत नाल्याच्या एका अंगाला जुने, दाटीवाटीचे शहर राहिले आणि दुसऱ्या अंगाला सिव्हिल लाइन्स व छावणी वसली. राज्य करणारे आणि राज्य सोसणारे यांच्यामधील अंतर दाखवायला एवढा ओघळ पुरेसा होता. पुढे राज्य बदलले, आणि ओमती हे नाव नाल्याबरोबरच भोवतालच्या वस्तीचे आणि बाजाराचेही झाले.

२२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर, सव्वा ते दीडच्या दरम्यान, जबलपूरला ५.८ क्षमतेचा भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे दगावली, हजाराहून अधिक जखमी झाली, हजारो घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. जबलपूरबरोबर मंडला, शिवनी आणि छिंदवाडा या जिल्ह्यांनाही झळ पोहोचली. भूगर्भशास्त्रज्ञांनी या धक्क्याचे नाते नर्मदा-सोन खोऱ्यातील प्राचीन भ्रंशरेषांशी जोडले. मदनमहालाजवळची, एका खडकावर दुसरा खडक तोललेली प्रसिद्ध शिळा जागची हलली नाही. माणसांनी चिखलमातीत रचलेल्या भिंती मात्र कोसळल्या. नाल्याच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हा भेद भूकंपाने मानला नाही. त्याने फक्त भिंती कशाच्या आहेत एवढेच पाहिले.

जबलपूर हे साधनांनी दरिद्री शहर नव्हते. तेथे सैन्याची मोठी छावणी आहे, शस्त्रास्त्रांचे कारखाने आहेत, उच्च न्यायालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, देशाच्या चारी दिशांना जोडणारी रेल्वे आहे. मध्य भारतातील फार थोड्या शहरांत इतक्या निरनिराळ्या यंत्रणा एकाच ठिकाणी नांदतात. पण नेमक्या अशा शहरातच एक प्रश्न स्पष्टपणे उभा राहतो. हात पुष्कळ असतील तर ते कोणाच्या शब्दाने हलावेत? सैनिकाने जिल्हाधिकाऱ्याचे ऐकावे, डॉक्टरने पोलिसाचे, स्वयंसेवकाने नगरसेवकाचे, की सर्वांनी ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या, आपल्या घरातली माणसे कोणत्या खोलीत निजली होती हे सांगू शकणाऱ्या त्या एका बाईचे?

आपद्ग्रस्ताला मदत करावी की नाही, हा नीतिशास्त्रातला सोपा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जवळजवळ सर्व धर्मांनी आणि सर्व विचारवंतांनी एकच दिले आहे. अवघड प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अनेक जण एकाच वेळी मदतीला धावतात तेव्हा त्या मदतीला क्रम कोणी लावायचा, कोणाच्या इच्छेला प्राधान्य द्यायचे आणि चुकले तर जाब कोणी द्यायचा? हा प्रश्न प्रशासनाचा आहे असे समजून तत्त्वचिंतकांनी तो बहुधा सोडून दिला; आणि प्रशासनाने तो केवळ वेळापत्रकाचा व वाहनांचा प्रश्न मानला. त्यामुळे तो दोन्हीकडून निसटला आहे.

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी काही शब्दांची चिकित्सा उपयोगी पडेल. 'मदत' हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला आणि कुमक, पुरवठा या लष्करी अर्थच्छटा घेऊन आला. 'साहाय्य' या संस्कृत शब्दाच्या मुळाशी 'सहाय' आहे. सहाय म्हणजे सोबत जाणारा, बरोबर चालणारा. पहिल्या शब्दात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी काहीतरी पाठवले जाते. दुसऱ्यात कोणीतरी कोणाबरोबर चालते. व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात असले तरी या दोन कल्पनांमधला फरक मदतीच्या सगळ्या शोकान्तिकांच्या तळाशी आढळतो.

'समन्वय' हा शब्द आज सरकारी परिपत्रकांत इतका झिजला आहे की समिती, बैठक आणि इतिवृत्त यांखेरीज त्यातून काही सूचित होत नाही. पण अन्वय हा मुळात वाचकाचा शब्द आहे. जुनी पद्यरचना वाचताना सर्व शब्द डोळ्यांसमोर असतात, प्रत्येकाचा अर्थही ठाऊक असतो, तरी अन्वय लावल्याशिवाय वाक्याचा बोध होत नाही. कर्ता कोण, क्रिया कोणती, विशेषण कोणाचे, हे ठरवावे लागते. वेदान्तात ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाला समन्वयाध्याय म्हणतात, तेही याच अर्थाने: परस्परांपासून दूर वाटणाऱ्या वचनांचे तात्पर्य एकाच ठिकाणी आहे हे दाखवण्याचे ते काम आहे. संकटाच्या जागी धान्य, औषधे, माणसे, पैसा हे सर्व शब्दांसारखे विखुरलेले असतात. वाक्य तयार व्हायचे तर प्रथम कर्ता कोण आणि कर्म कोण हे ठरले पाहिजे. बहुतेक वेळा देणारा स्वतःला कर्ता समजतो आणि आपद्ग्रस्ताच्या वाट्याला कर्माची जागा येते. अन्वय तेथेच चुकतो.

आपल्या परंपरेत या विषयाची सामग्री कमी नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरण आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरायला जातो, ती कथा त्यातलीच. पण लक्षपूर्वक पाहिले तर आपद्धर्म हा मुख्यतः संकटात सापडलेल्याचा धर्म आहे. अशा वेळी त्याला काय क्षम्य आहे, याचा तो विचार करतो. दुसऱ्याच्या संकटात धावून जाणाऱ्याने कसे वागावे, याचा विचार दानधर्माच्या चौकटीत झाला. तेथे देश, काल आणि पात्र पाहून द्यावे असा दंडक आहे, आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगतानाही तो आला आहे. यात पात्रतेची परीक्षा घेणाऱ्याची होते. देणाऱ्याची पात्रता कोणी तपासावी, हा प्रश्न जुन्या शास्त्रकारांना फारसा पडला नाही, कारण त्यांच्यासमोर एक दाता आणि एक याचक होता. शेकडो दाते आणि लाखो आपद्ग्रस्त, हे आधुनिक काळाचे दृश्य आहे. त्यात देश, काल, पात्र ही त्रयी टिकते, पण तिची दिशा उलटी करावी लागते. या स्थळी, या घडीला, देणारा देण्यास पात्र आहे काय?

३

मराठी मुलखाने हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अनुभवला. गणपतिविसर्जनाची रात्र सरत असताना, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर ही नावे एका दिवसात देशभर पोहोचली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी त्या भागातली घरे. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आल्या.

त्यानंतर जे घडले त्यात महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे पुष्कळ आहे. प्रशासन त्वरेने हलले, सैन्य आले, गावोगावचे तरुण आले. पोरक्या आणि निराधार झालेल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने घेतली आणि त्या मुलांना पुण्यात आणून शिकवले. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जगातील अनेक देशांतून आणि संस्थांतून निधी आला, काहींनी संपूर्ण गावे दत्तक घेतली. साधनांची वाण पडली असे कोणी म्हणणार नाही.

तरीही त्या नव्या गावांकडे पाहताना अन्वयाचा प्रश्न सुटत नाही. गावे शहरी वसाहतींसारखी सरळ रेषांत आखली गेली. रुंद रस्ते, सारख्या अंतरावर घरे, आणि शेतापासूनचे अंतर वाढलेले. जुन्या गावात गल्लीचे एक वळण दोन घरांना जोडत होते, पारावर आणि ओट्यावर दिवस सरत होता; ते सारे नकाशात बसत नव्हते म्हणून गळाले. घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरले: भूमिहीनाला २५० चौरस फूट, अल्पभूधारकाला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. ही विभागणी अन्यायाच्या हेतूने झाली नव्हती. मोठ्या शेतकऱ्याला बैलांची, औतांची, धान्याची सोय लागते, असा हिशेब त्यामागे होता. पण परिणाम असा झाला की ज्या भूकंपाने सर्वांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते, त्याच्यानंतर आलेल्या मदतीने जुनी उतरंड सिमेंटमध्ये पुन्हा बांधून दिली. शेजारच्या दोन गावांत दोन निरनिराळ्या दात्यांनी दोन निरनिराळ्या प्रतीची घरे बांधली, तेव्हा आपल्या गावाच्या वाट्याला कोणता दाता आला यावर माणसाचे पुढचे आयुष्य ठरू लागले. सद्भावनेचेही दैव असते, हे तेथे दिसले.

याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाने वेगळी दिशा दाखवली. जी गावे हलवायची नव्हती, तेथील घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करावे असे ठरले, आणि गावातल्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना एकत्र आणण्याचे काम केले. अभियंत्याची सूचना घरात पोहोचवणे आणि घराची अडचण अभियंत्यापर्यंत नेणे, हे त्या स्त्रियांचे काम. ज्या बाईला आजवर घराच्या बांधकामाबद्दल कोणी विचारले नव्हते, ती भिंतीच्या कोपऱ्यात सळई नीट बसली का हे तपासू लागली. समन्वयाची कल्पना येथे बैठकीतून उतरून उंबऱ्याशी आली. त्या पदनामात 'संवाद' आधी येतो आणि 'सहाय' नंतर. शासकीय भाषेच्या हातून क्वचितच इतके अचूक शब्द घडतात.

४

याला एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. बुडणाऱ्या माणसाला बाहेर काढताना त्याच्याशी संवाद साधत बसायचे काय? संमती, क्रम, प्राधान्य, हिशेब या गोष्टींना वेळ लागतो, आणि संकटात वेळ हेच प्राण असतात. करुणेला परवानगीची गरज नसते. किंबहुना परवानगीची वाट पाहणारी करुणा ही करुणाच नव्हे.

मराठी मनाने हा आक्षेप दामाजीपंतांच्या रूपाने पूजिला आहे. मंगळवेढ्याचा हा अधिकारी बेदरच्या सुलतानाचा नोकर. दुष्काळात माणसे मरताना पाहून त्याने सरकारी कोठारे खुली केली, वरिष्ठांना विचारले नाही. परंपरेने त्याला संत ठरवले आणि ते योग्यच झाले. पण या कथेचा शेवट ज्या तऱ्हेने रचला गेला आहे त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दामाजी वाचतो, तो सुलतानाला दया येते म्हणून नव्हे. विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बेदरला जातो, धान्याचे दाम दरबारात मोजून देतो आणि रीतसर पावती घेतो. लोकमनाला चमत्कारच हवा होता तर देव कोठारे पुन्हा धान्याने भरू शकला असता, किंवा सुलतानाची बुद्धी पालटू शकला असता. त्याऐवजी त्याने हिशेब चुकता केला. नियम मोडण्याचा अधिकार करुणेला आहे, पण मोडलेल्या नियमाचा हिशेब देण्यातून तिची सुटका नाही, असे ही कथा सांगते. तो हिशेब चुकवायला देव ज्या रूपात जातो ते गावकुसाबाहेरच्या माणसाचे आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आक्षेपाचे उत्तर या कथेत आहे. तातडी ही समन्वयाच्या विरोधात नसते. पहिल्या काही तासांत शेजाऱ्याने शेजाऱ्याला बाहेर काढायचे असते, आणि जगभरच्या भूकंपांत बहुतेक जिवंत माणसे अशीच निघाली आहेत. तेथे कोणाचीही अनुज्ञा लागत नाही, कारण तेथे वाचवणारा आणि वाचणारा एकाच गल्लीतले असतात. संवाद आधीच झालेला असतो. परवानगीचा आणि क्रमाचा प्रश्न दुरून येणाऱ्यासाठी आहे. मदत जितकी दुरून येते तितकी तिने विचारून आले पाहिजे.

उलट बाजूचा धडाही याच मातीत मिळतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारने फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा केला, रँडच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, गोऱ्या सोल्जरांना घरोघर तपासणीसाठी पाठवले. केवळ यंत्रणा म्हणून पाहिले तर अधिकार एकवटलेला होता, माणसे शिस्तीची होती, कामाचा वेग विलक्षण होता. समन्वयाच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा तो प्रयोग. पण ज्यांचे प्राण वाचवायचे त्यांच्या देवघरांत बुटांनी शिरून त्यांची भांडीकुंडी रस्त्यावर फेकणाऱ्या व्यवस्थेला लोकांनी रोगाहून भयंकर मानले. लोक रुग्ण लपवू लागले आणि साथीला वाट मिळाली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तेव्हा त्यामागे एका पांगळ्या झालेल्या मदतीचाही इतिहास होता.

त्याच साथीत, त्याच परिसरात सावित्रीबाई फुले होत्या. पुत्र यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात त्या रुग्णांना आणत होत्या, काहींना पाठीवरून. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. एकीकडे साम्राज्याचे सर्व सामर्थ्य, पण सोबत चालण्याची तयारी नाही. दुसरीकडे सोबत चालण्याची पराकाष्ठा, पण पाठीशी साधने नाहीत. या दोहोंतून निवड करायची तर ती कोणीही सहज करील. पण निवड करण्याची पाळी यावी हाच त्या काळाचा नैतिक पराभव होता. यंत्रणेजवळ सावित्रीबाईंची दृष्टी असती, किंवा सावित्रीबाईंच्या हाताशी यंत्रणा असती, तर वाचले असते असे जीव त्या साथीत गेले.

५

देशांच्या सीमा मध्ये आल्या की हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस अटलांटिकमधील 'मिच' हे चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर आले. २९ ऑक्टोबरला ते होंडुरासच्या किनाऱ्यावर चढले आणि फार सावकाश सरकत राहिले. वाऱ्यापेक्षा पावसाने अधिक संहार केला. निकाराग्वात कासिता ज्वालामुखीच्या उतारावरून चिखलाचा लोंढा आला आणि त्याने खालची गावे पुसून टाकली. होंडुरास, निकाराग्वा, ग्वाटेमाला आणि एल साल्वाडोर या देशांत मिळून नऊ हजारांहून अधिक माणसे दगावली. पूल गेले, म्हणजे रस्ते असूनही नसल्यासारखे झाले. एकच पाऊस, एकच डोंगररांग, पण सरकारे चार, चलने चार, आणि दाते जगभर.

तोवर जगाने काही नियम केलेले होते. १९ डिसेंबर १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४६/१८२ क्रमांकाचा ठराव संमत केला होता. मानवता, तटस्थता आणि निःपक्षपात ही साहाय्याची तत्त्वे त्याने मांडली, आणीबाणीच्या साहाय्याचा समन्वय करण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारपद निर्माण केले. त्याचबरोबर साहाय्य हे आपद्ग्रस्त देशाच्या संमतीने द्यावे आणि समन्वयाची मुख्य जबाबदारी त्या देशाचीच राहावी, असेही म्हटले. मिचनंतर मे १९९९ मध्ये स्टॉकहोम येथे दाते देश आणि मध्य अमेरिकी सरकारे एकत्र आली, तेव्हा पुनर्बांधणीत पारदर्शकता असावी, नागरी समाजाचा सहभाग असावा आणि दात्यांचा समन्वय घेणाऱ्या देशांच्या प्राधान्यक्रमानुसार व्हावा, असे मान्य झाले. कागदावर का होईना, कर्ता बदलला.

पण 'देशाची संमती' या शब्दांतच एक अडचण दडली आहे. संमती देणारे सरकार आणि संकटात असलेली माणसे एकच असतात काय? सरकारला प्रतिष्ठा असते, निवडणुका असतात, शत्रू असतात. ओंडक्याला धरून राहिलेल्या माणसाला यांतले काही नसते. सार्वभौमत्वाचे तत्त्व दुर्बळ राष्ट्रांना बलिष्ठांच्या दयेच्या आक्रमणापासून वाचवते, यात शंका नाही. ज्यांच्यावर दीडशे-दोनशे वर्षे 'तुमच्याच हिताचे' राज्य झाले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण तेच तत्त्व स्वतःच्या प्रजेच्या दुःखावर पडदा म्हणूनही वापरता येते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने आपल्या मुख्य भूमीवरील मदतकार्यासाठी परकीय सरकारांचे साहाय्य घेतले नाही, आणि त्याच वेळी श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशिया येथे आपली जहाजे मदत घेऊन पाठवली. स्वतःची जखम बांधत असताना शेजाऱ्याच्या दारी जाण्यात एक प्रौढपण होते. त्या निर्णयाची कसोटी मात्र प्रतिष्ठेच्या मापाने लागत नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील शेवटच्या मच्छिमार वस्तीत, अंदमान-निकोबारच्या शेवटच्या बेटावर जे पोहोचायला हवे होते ते वेळेवर पोहोचले का, एवढीच त्याची कसोटी. पोहोचले असेल तर नकार हा स्वाभिमान होता. नसेल तर ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली शान होती. त्याच किनाऱ्यावर देशभरच्या सज्जनांनी धाडलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग कोणी न घेता पडून राहिले. ज्यांची घरे समुद्राने नेली त्यांना उतरलेले कपडे अंगावर घालण्याइतके दीन व्हायचे नव्हते. देणाऱ्याने आपले कपाट रिकामे केले. घेणाऱ्याने आपला मान रिकामा केला नाही.

मिचनंतर बरोबर एका वर्षाने, २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, ओडिशावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. त्या आघातातून त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी नेले गेले आणि मृतांची संख्या काही दहांत राहिली. तेथे कोणी मोठे वीरकृत्य केले नाही. पोलिस, शिक्षक, सरपंच, मच्छिमार यांना आपापले काम वादळापूर्वीच ठाऊक होते, आणि सूचना देणाऱ्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास होता. हा विश्वास वादळाच्या दिवशी तयार करता येत नाही. जेथे एरवी रेशनच्या दुकानात, तलाठ्याच्या कचेरीत, दवाखान्याच्या दारात माणसाला माणूस म्हणून वागवले जात नाही, तेथे संकटकाळी तो कोणाच्या सांगण्यावरून घर सोडील? आपत्तीतला समन्वय हा शांततेच्या काळातल्या न्यायाचा उत्तरार्ध असतो.

६

सीमा ही राष्ट्रांमध्येच असते असे नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यापूर्वी काही काळ दोन्हींवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. राज्यपुनर्रचनेने त्यांच्यामध्ये एक रेषा आखली. एरवी ती रेषा रेल्वेच्या प्रवाशाला जाणवतही नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देश बंद झाला आणि ती रेषा भिंत झाली. त्या बंदीला कायद्याचा जो आधार घेण्यात आला त्यात १८९७ चा तोच साथरोगाचा कायदा होता.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून निजलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले कामगार होते, मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले. गावी जाण्यासाठी भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने चालत निघाले होते. त्यांच्या मृत देहांना मात्र गाडी मिळाली. विशेष गाडीने ते देह जबलपूरला आणले गेले आणि तेथून आपापल्या गावी पोहोचवले गेले. दोन राज्यांची सरकारे, रेल्वे, पोलिस, जिल्हा प्रशासने यांच्यात त्या एका दिवसात जो समन्वय झाला तो निर्दोष होता. तो आदल्या दिवशी अशक्य होता असे म्हणता येत नाही. माणसे तीच, रूळ तेच, अंतर तेच. फरक इतकाच की जिवंत असताना त्यांची विनंती हा अर्ज होता, आणि मेल्यावर त्यांचे येणे ही घटना झाली.

यात कोणा एका अधिकाऱ्याला दुष्ट ठरवून सुटका करून घेता येत नाही. त्या साखळीतल्या प्रत्येकाने कदाचित आपले काम नियमाप्रमाणे केले असेल. नैतिक प्रश्न साखळीच्या कड्यांमध्ये नव्हता, जोडांमध्ये होता. आणि जोडांची मालकी कोणाकडेच नसते. म्हणूनच समन्वय हे तांत्रिक काम नव्हे. दोन यंत्रणांच्या मधल्या रिकाम्या जागेत जो माणूस पडतो तो आपला आहे, असे कोणीतरी म्हणावे लागते. दया जवळच्या दुःखावर आपोआप उमटते. मधल्या जागेतल्या माणसाकरिता ती मुद्दाम शिकावी लागते, तिला नियम, नोंदवही, जबाबदार नाव आणि पावती यांची जोड द्यावी लागते. शिस्त लावलेली करुणा ही उणी करुणा नव्हे. ती दूरवर पोहोचण्याची तयारी केलेली करुणा आहे.

तिची लक्षणे मोजकीच आहेत. ती प्रथम विचारते, मग आणते. जवळच्याला पुढे करते आणि दुरून आलेला असेल तर मागे उभी राहते. नियम मोडावा लागला तर मोडते आणि दुसऱ्या दिवशी हिशेब घेऊन दरबारात उभी राहते. घेणाऱ्याला नकार देण्याचा अधिकार ठेवते. आणि संकट ओसरल्यावर, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे थांबल्यावर, ती आणखी काही काळ तेथेच असते, कारण पडलेल्या घराचा प्रश्न छप्पर चढल्यावर संपत नाही. त्या घरात कोणाला किती जागा मिळाली, हा प्रश्न तेव्हा सुरू होतो.

ओमतीच्या दोन्ही काठांवर आता वस्ती आहे. नाल्याच्या एका बाजूचे माणूस दुसऱ्या बाजूला जायला कोणाला विचारत नाही. पण भूगर्भातील भ्रंशरेषा जशी खाली आहे तशीच राहिली, तशा माणसांनी आखलेल्या रेषाही राहतात, आणि धक्का बसेपर्यंत त्या दिसत नाहीत. पुढचा धक्का केव्हा बसेल हे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. तो बसण्यापूर्वी पलीकडच्या माणसाचे नाव ठाऊक असणे, एवढे मात्र माणसाच्या हाती आहे.